कापलेला सीन

सोहारच्या मॉलमध्ये तीन रियाल मोजून
मी एक मारामारीचा पिक्चर पाहिला.
बोली चिनी, खाली अरबी अक्षरं,
त्याखाली बारीक इंग्रजी. ते वाचेपर्यंत
तीन माणसं आडवी.

मारामारी मात्र बावनकशी, खोटं नाही बोलणार.
बांबूची परांची, चौथ्या मजल्याची उंची,
नायक एकटा आणि हे चौदा.
आम्ही पोटाला परांची बांधणारे,
आमचं लक्ष आधी गाठींकडे.
डंबर थापा म्हणाला, ही सुटणार,
आणि सुटलीच.
नायक पडला, मधल्या बांबूला एका पायाने अडकला,
उलटा लोंबकळतच दोघांना लोळवलं.
पट्टा नाही, हेल्मेट नाही, सेफ्टीवाला कुठे दिसेना.
माझ्या तळहातांना घाम आला.

पण का मारतोय ते काही कळलं नाही.
सुरुवातीला कुणी म्हातारा मेला.
मध्येच एक पेटी आली, ती परत दिसली नाही.
एक मुलगी दोनदा खिडकीत उभी राहिली.
शेवटी खलनायक पडला, पाऊस थांबला,
दिवे लागले.

सुदाम गमरे त्या दिवशी रात्रपाळीला.
रिफायनरीचं शटडाऊन, बारा-बारा तास.
पहाटे आला, बूट काढले, पाय बादलीत सोडले,
म्हणाला, सांग. पहिल्यापासून सांग.
मी मारामारी सांगितली,
खाटेच्या दांडीला लटकून दाखवली,
वरच्या खाटेवरचा परकार शिव्या देत उठला.
गमरे हसला नाही.
म्हणाला, ते ठीक. पण चौदाजणांना मारतो कशापायी?

आता काय सांगणार?
तीन रियाल मी दिलेले, लाज मलाच.
म्हटलं, बहीण आहे त्याची.
एकदा म्हटलं आणि मग थांबता येईना.
खिडकीतली ती मुलगी, तीच बहीण.
पेटीत म्हाताऱ्याचं हिशेबाचं बाड,
कुणाला किती दिलं, कुणी फेडलं नाही.
खलनायक पूर्वी त्याच घरी जेवायचा,
नायकाच्या शेजारी, एकाच पंगतीला,
बहीण दोघांना सारखाच भात वाढायची.
म्हणून शेवटच्या ठोशाआधी नायक थबकतो.
(थबकतो हे खरं.
मला वाटतं त्याला दम लागला होता.)

बादलीतलं पाणी गार झालं, गमरे पाय काढेना.
मग बहिणीचं काय होतं?
म्हटलं, ते तूच बघ.

पुढच्या शुक्रवारी दोघं गेलो.
ओव्हरटाइमच्या पैशातून त्याने माझंही तिकीट काढलं.
परांची आली, गाठ सुटली, लोक ओरडले.
हा गप्प. पुढे वाकून
खिडकीची वाट बघतोय.
खिडकी आली. मुलगी उभी राहिली. गेली.
पेटी आली. गेली.
मी पॉपकॉर्नच्या पुड्यात तोंड खुपसून बसलो.

बाहेर हवा ओल्या फडक्यासारखी तोंडावर बसली,
उभ्या गाड्यांच्या काचांवरून पाणी ओघळत होतं.
बसच्या थांब्यापर्यंत तो बोलला नाही.
मग म्हणाला,
जेवणाचा सीन कापलाय रे इथल्यांनी.
मी म्हटलं, हो. इथलं सेन्सॉर कडक.
तो म्हणाला,
भात वाढण्यात कापण्यासारखं काय होतं?

त्या रात्री गमरे जिन्यात बसून
गावाकडे पोराला फोनवर पिक्चर सांगत होता.
मी कपडे वाळत घालता घालता ऐकलं.
चौदा माणसं त्याने एका वाक्यात संपवली.
मग कितीतरी वेळ ताटं, पाट, वाफ,
कोण कुणाच्या डाव्या हाताला बसलं,
कुणाला करपलेला भात आवडायचा.
आणि बहिणीच्या हातात भातवाढी, तो म्हणाला,
पितळेची. दांडा जरासा वाकलेला.

दांड्याचं मी काही सांगितलं नव्हतं.